थीब्जमध्ये कोणाचे ऐकायचे? ग्रीक शोकात्मिकांतील सत्ता आणि अधिकार

शिलालेख

'सत्तेपुढे शहाणपण चालत नाही' असे म्हणून आपण बहुतेक वेळा विषय संपवतो. ग्रीक शोकात्मिका मात्र नेमक्या तिथूनच सुरू होतात. एका बाजूला सिंहासनावर बसलेला माणूस आणि त्याच्या शब्दासरशी पुढे होणारे पहारेकरी असतात, तर दुसऱ्या बाजूला एका पोराचा आधार घेऊन आलेला आंधळा म्हातारा असतो. या दोघांपैकी कोणाचे ऐकायचे, हा प्रश्न नाटक शेवटपर्यंत सोडत नाही. ही नाटके अनुवादांतून आणि जमेल तेथे मूळ ओळींशी ताडून वाचताना मला जे दिसले, ते येथे मांडतो. मतभेद अवश्य कळवावेत.

आधी शब्दांविषयी. आपल्याकडे 'अधिकार' हा शब्द दोन घरी पाणी भरतो. कचेरीतला 'अधिकारी' आणि परमार्थातला 'अधिकारी पुरुष' यांच्यात शब्द एकच असला, तरी पहिल्याची बदली झाली की त्याचा अधिकार संपतो आणि दुसऱ्याचा कोणी काढून घेऊ शकत नाही. 'अधिकारवाणी' हा शब्द आपण दुसऱ्या अर्थाने वापरतो, आणि या चर्चेपुरता मीही तोच अर्थ धरतो. दुसऱ्याच्या मनात नसतानाही त्याच्याकडून एखादी गोष्ट करवून घेता येणे म्हणजे सत्ता. आणि ज्याच्या हाती दंड नसला तरी ज्याचे ऐकले पाहिजे असे समोरच्याला मनातून वाटते, त्याच्याकडे असतो तो अधिकार. एकाच माणसाकडे दोन्ही असतील तर नाटक घडत नाही. प्राचीन अथेन्सचा नाटककार सोफोक्लीस याची नाटके ही दोन माणसे वेगळी झाल्यावर काय होते, याची आहेत.

त्याचे 'अँटिगनी' हे नाटक इ. स. पू. ४४१ च्या सुमाराचे आहे. थीब्ज या ग्रीक नगराचा माजी राजा ईडिपस याचे दोन मुलगे, एटिओक्लीस आणि पॉलिनायसीस, नगराच्या वेशीवर एकमेकांच्या हातून मेले आहेत आणि मामा क्रेऑन गादीवर आला आहे. नगराचे रक्षण करताना मेलेल्या भाच्याचे सन्मानाने दफन करावे आणि चाल करून आलेल्याचे प्रेत कुत्र्या-गिधाडांसाठी उघडे टाकावे, अशी द्वाही त्याने फिरवली आहे. त्यांची बहीण अँटिगनी ती मोडून या दुसऱ्या भावाला माती देते. येथपर्यंतची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. माझे लक्ष गेले ते कोण कोणता शब्द वापरतो याकडे. नाटकाच्या आठव्याच ओळीत अँटिगनी क्रेऑनचा उल्लेख करते, पण 'राजा' म्हणून नव्हे. ती त्याला 'स्त्रातेगोस' म्हणजे सेनापती म्हणते, आणि त्याच्या आज्ञेला 'केरुग्मा' म्हणजे दवंडी म्हणते. क्रेऑन स्वतः त्याच आज्ञेला 'नोमोस', म्हणजे कायदा, म्हणवतो. तिची बहीण इस्मीनी आज्ञा पाळायला तयार आहे, पण तिने दिलेले कारण ऐकण्यासारखे आहे: आपल्यावर आपल्याहून बलवान लोकांचे राज्य आहे. आज्ञा योग्य आहे, असे ती एकदाही म्हणत नाही.

क्रेऑन नगरातल्या वृद्धांना बोलावून पहिले भाषण करतो, तेव्हा आपल्याकडे सारी सत्ता आणि सिंहासन कसे आले, हे तो सांगतो: मृतांशी असलेल्या रक्ताच्या जवळिकीमुळे. जो माणूस नात्याच्या आधारावर गादीवर बसला, त्याचा पहिला हुकूम असा की नात्याने बांधलेले अंत्यसंस्कार करू नयेत. ज्या फांदीवर बसला तीच तोडायला घेतली, हे आपल्याला दिसते, त्याला दिसत नाही. पुढे मुलाशी, म्हणजे हायमॉनशी, बोलताना तो वेगळेच कारण देतो. नगराने ज्याला नेमले त्याचे ऐकलेच पाहिजे, मग गोष्ट लहान असो, न्याय्य असो की त्याच्या उलट असो. पण नगराने त्याला केव्हा नेमले? नाटकात तसे कोठेही घडलेले नाही. साठ-सत्तर ओळींनंतर हायमॉन नगरातले लोक काय म्हणतात ते सांगू लागतो, तेव्हा हाच क्रेऑन विचारतो की मी काय आज्ञा द्यावी, हे आता नगर मला सांगणार का? मुलगा म्हणतो, एका माणसाच्या मालकीचे ते नगरच नव्हे. बाप म्हणतो, नगर राज्यकर्त्याचेच मानले जाते ना? आणि मुलाचे उत्तर असे, की ओसाड भूमीवर तुम्ही एकट्याने फार छान राज्य केले असते.

त्याहूनही मला महत्त्वाचा वाटतो तो एक लहानसा बदल, ज्याच्याजवळ वाचक सहसा थांबत नाही. आज्ञा मोडणाऱ्याला भर नगरात दगडांनी ठेचून मारावे, अशी मूळ द्वाही होती. प्रत्यक्षात मात्र क्रेऑन अँटिगनीला माणसांची वर्दळ नसलेल्या ठिकाणी नेऊन, थोडे अन्न देऊन, दगडी गुहेत जिवंत कोंडतो. हा बदल दया म्हणून झालेला नाही. दगडांनी मारायचे तर दगड उचलणारे हात नगराचे लागतात, आणि अंधारात लोक तिच्यासाठी हळहळत आहेत, असे हायमॉनने नुकतेच सांगितले आहे. हुकूम दिला आणि एकानेही दगड उचलला नाही तर? मला वाटते, क्रेऑनला हे तोंडाने म्हणवत नाही, पण शिक्षा बदलताना कळलेले असते. गुहेचे तोंड बंद करायला चार नोकर पुरतात. सत्ता तेवढ्यावर भागते. अधिकार असता तर त्याला जागा बदलावी लागली नसती.

निवांत

लेख दोनदा वाचला. गुहेचा मुद्दा पटला, पण क्रेऑनवर थोडा अन्याय होतो आहे असे वाटते. त्याचे पहिले भाषण हे एखाद्या जुलमी माणसाचे भाषण नाही. जो मित्राला देशापेक्षा मोठा मानतो त्याची किंमत शून्य, आणि कारभार हाती आल्याखेरीज माणसाचे अंतरंग कळत नाही, ही वाक्ये आजही कोणाला खोटी वाटणार नाहीत. नाटकानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, इ. स. पू. ३४३ मध्ये, अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनीस याने भर न्यायालयात हेच भाषण कारकुनाकडून वाचून घेतले होते, आणि तेही आदर्श राज्यकर्त्याचे बोल म्हणून. त्याचा प्रतिस्पर्धी एस्किनीस पूर्वी नट होता आणि त्याने क्रेऑनचीच भूमिका केली होती. जे रंगमंचावर घोकलेस ते वागण्यात का नाही, असा तो टोमणा होता. रॉबेन बेटावरच्या तुरुंगात कैद्यांनी 'अँटिगनी' केले, त्यात नेल्सन मंडेला यांनी क्रेऑनची भूमिका केली होती, आणि त्यांनाही त्याची सुरुवातीची भाषणे शहाणपणाची वाटली होती.

मग क्रेऑनला अधिकार नव्हताच, असे आपण म्हणता की त्याच्याकडे तो होता आणि त्याने तो घालवला? या दोन गोष्टी एक नाहीत.

अडकित्ता

माझी हरकत याहून मुळाशी आहे. 'सत्ता' आणि 'अधिकार' ही जोडी रोमची आहे, ग्रीसची नाही. सत्ता लोकांकडे असावी आणि अधिकार सिनेटकडे, असे रोमन लेखक सिसेरोने लिहिले, तेव्हा त्याच्याकडे दोन स्वतंत्र लॅटिन शब्द होते: 'पोतेस्तास' आणि 'आउक्तोरितास'. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याने आपल्या कारकिर्दीचा जो आढावा कोरून ठेवायला सांगितला, त्यात तो म्हणतो की अधिकारात मी सर्वांच्या वर होतो, पण सत्ता माझ्या सहकाऱ्यांहून तसूभरही जास्त नव्हती. हे अर्थातच साळसूदपणाचे बोलणे आहे, परंतु ते बोलता येण्यासाठी भाषेत दोन खण असावे लागतात. याच रोमन शब्दाविषयी बोलताना डिओ कॅसिअस या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या इतिहासकाराने सरळ सांगून टाकले आहे की याला ग्रीकमध्ये एकच नेमका शब्द देणे अशक्य आहे.

ग्रीकमध्ये 'क्राटोस' (जोर, सत्ता) आहे, 'आर्खे' (राज्य) आहे, 'क्युरिओस' (धनी, हक्कदार) आहे, आणि हे शब्द एकमेकांच्या अंगणात खुशाल फिरतात. नाटककार युरिपिडीसच्या 'बाकाय' नाटकात थीब्जचा राजा पेंथियस डायोनिसस या देवाला बेड्या घालायचा हुकूम देताना म्हणतो की मी तुझ्याहून अधिक 'क्युरिओस' आहे. त्याला तेथे आपण म्हणता तो अधिकार अभिप्रेत आहे की निव्वळ जोर? त्याला स्वतःला तरी हा फरक विचारता आला असता का? ज्या भाषेत शब्दच नाही, त्या भाषेतल्या नाटकात आपण आपला खण नेऊन ठेवत आहोत अशी मला शंका आहे.

शिलालेख

निवांत, आपला प्रश्न योग्य आहे आणि माझे उत्तर दुसऱ्या बाजूचे आहे: त्याच्याकडे होता आणि त्याने घालवला. आंधळा द्रष्टा टायरेसियस येतो तेव्हा क्रेऑन स्वतःच म्हणतो की आजवर मी तुमच्या सल्ल्याबाहेर गेलो नाही. नगराची नाव सरळ चालली ती त्यामुळेच, हेही दोघांना मान्य आहे. म्हणजे क्रेऑनच्या शब्दाला वजन होते, कारण त्याच्या शब्दामागे आणखी कोणाचा तरी शब्द होता. त्या दिवशी तो पहिल्यांदा एकट्याच्या बळावर बोलला. वृद्धांच्या मेळाची, म्हणजे कोरसची, प्रतिक्रियाही नीट वाचण्यासारखी आहे. मृतांविषयी काय आणि आम्हा जिवंतांविषयी काय, कोणताही कायदा लावणे तुला शक्य आहे, असे ते म्हणतात. 'शक्य आहे' म्हणतात. 'योग्य आहे' म्हणत नाहीत. आणि पहारा ठेवण्यात साथ द्या म्हटल्यावर, ते काम कोणा तरुणावर सोपवा, म्हणून अंग काढून घेतात.

अडकित्ता, नाम नाही हे मान्य. पण क्रियापदे पाहा. ग्रीकमध्ये 'पैथेस्थाई' या एकाच क्रियापदाचा अर्थ 'पटणे' असाही होतो आणि 'आज्ञा पाळणे' असाही होतो. 'क्लुएइन' म्हणजे कानांनी ऐकणे आणि तेच 'क्लुएइन' म्हणजे सांगितल्याप्रमाणे वागणे. येथे मराठी वाचकाला अनुवादाची गरजच पडत नाही, कारण 'पोरगा माझे ऐकत नाही' असे बाप म्हणतो तेव्हा मुलाच्या कानात दोष आहे असे आपण समजत नाही. नगराने नेमलेल्याचे 'ऐकले' पाहिजे, हे क्रेऑनचे वाक्य याच 'क्लुएइन'वर उभे आहे. थोडे पुढे तो शिस्तीचे गुणगान करताना 'पैथार्खिया' असा शब्द वापरतो. त्याचे दोन तुकडे केले तर एक 'पटणे' आणि दुसरा 'राज्य करणे' निघतो. म्हणजे आपण ज्या फरकाविषयी बोलतो आहोत तो क्रेऑनच्या तोंडातल्या शब्दातच शिवलेला आहे. त्याला फक्त दुसरा तुकडा ऐकू येतो.

आणि नाटकाचे वळण नेमके याच क्रियापदावर आहे. टायरेसियस निघून गेल्यावर क्रेऑन त्याच वृद्धांना विचारतो: मग काय करायला हवे? सांगा, मी ऐकेन. 'पैसोमाई.' सकाळपासून सर्वांनी आपले ऐकावे म्हणणारा माणूस आता, ज्यांच्याकडे एक पहारेकरीही नाही अशा म्हाताऱ्यांचे, ऐकायला उभा आहे. ते सांगतात की आधी मुलीला सोडव आणि मग प्रेताची थडग्यात सोय कर. क्रेऑन उलट क्रमाने जातो, आधी प्रेत, मग गुहा. तोवर तिने गळफास घेतलेला असतो. ऐकले, पण तेही पुरते ऐकले नाही.

दुर्वांकुर

चर्चा क्रेऑनभोवती फिरते आहे. अँटिगनीकडे कोणता अधिकार आहे, हे कोणी विचारलेले दिसत नाही. देवांचे अलिखित, अढळ कायदे, जे काल-आजचे नाहीत आणि केव्हा प्रकटले कोणालाच माहीत नाही, हे तिचे भाषण शाळा-महाविद्यालयांतून इतके उगाळले गेले आहे की तिची बाजू आपोआप बरोबर ठरते. पण हे कायदे तिला कोणी सांगितले? ती पुजारीण नाही, द्रष्टी नाही. मेळ तिला 'औतोनोमोस' म्हणतो, म्हणजे स्वतःच स्वतःचा कायदा झालेली, आणि हा शब्द तेथे कौतुकाचा नाही.

शेवटच्या भाषणात ती स्वतःच म्हणते की नवरा किंवा मूल मेले असते तर मी नागरिकांच्या विरोधात जाऊन हे केले नसते, कारण नवरा दुसरा मिळेल, मूलही होईल, पण आई-बाप गेल्यावर भाऊ पुन्हा होणार नाही. ही ओळ जर्मन कवी ग्योथेला इतकी खटकली होती की कोणी तरी ती प्रक्षिप्त म्हणून सिद्ध करावी, असे त्याला वाटे. ॲरिस्टॉटलने मात्र ती निःशंकपणे उद्धृत केली आहे. अलिखित कायदा सर्व मृतांसाठी असेल तर तो फक्त भावापुरता कसा? आणि 'नागरिकांच्या विरोधात' याला मूळ शब्द आहे 'बिआ', म्हणजे जोर, जबरदस्ती. जबरदस्तीचा शब्द क्रेऑनने नव्हे, तिने स्वतःच्या कृतीला लावला आहे. मला तर वाटते की नगर आपल्या बाजूचे आहे, हे तिला मरेपर्यंत कळलेच नाही. हायमॉन बापाला ते सांगत होता तेव्हा ती तेथे नव्हती.

कोरसमधला चौथा

दुर्वांकुर, मुद्दा मोलाचा आहे, पण शेवटचे वाक्य जसेच्या तसे टिकणार नाही. क्रेऑनसमोर पकडून आणल्यावर अँटिगनी स्वच्छ म्हणते की भीतीने जिभेला कुलूप घातले नसते तर येथे उभ्या असलेल्या सर्वांनी माझे कृत्य योग्य म्हटले असते. पण हव्या त्या गोष्टी करण्याची आणि बोलण्याची मोकळीक एकट्या 'तिरान्निस'ला, एकछत्री सत्तेला, असते. म्हणजे तेव्हा तिची खात्री आहे. गुहेकडे जाताना तिची खात्री राहिलेली नाही. मधल्या काळात वृद्धांचा मेळ तिच्याशी बोलला, आणि त्या बोलण्याने तिला आधार वाटला नाही.

मला यातच नाटकाची खोली दिसते. ज्याच्याकडे फक्त अधिकार आहे आणि सत्ता अजिबात नाही, त्याला त्या अधिकाराची साक्ष पटवायला दुसऱ्याचे तोंड लागते. ती तोंडे भीतीने मिटलेली असतील तर स्वतःचा अधिकार स्वतःलाच संशयास्पद वाटू लागतो.

सागरगोटा

नाटक कोण पाहत होते, याचाही विचार व्हावा. अथेन्समध्ये डायोनिससच्या मोठ्या उत्सवात, प्रेक्षागृह भरलेले असताना, दोस्त नगरांकडून आलेली खंडणीची चांदी नाटकांच्या अगोदर रंगभूमीवर आणून दाखवत असत. युद्धात मेलेल्यांची, नगराच्या खर्चाने वाढवलेली मुले वयात आली की चिलखत घालून त्याच जागी उभी राहत. म्हणजे आधी नगराची सत्ता डोळ्यांसमोर मांडायची आणि त्यानंतर त्याच जागेवर क्रेऑनची गत पाहायची. दोस्त नगरांच्या संघाचा खजिना इ. स. पू. ४५४ मध्ये डेलॉस बेटावरून अथेन्सला हलवला गेला होता, आणि त्यानंतर 'दोस्त' हा शब्द फारसा कोणी मनापासून वापरत नसावे. इतिहासकार थ्युसिडिडीसने अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्या तोंडी एक वाक्य घातले आहे की तुमचे हे साम्राज्य आता एकाधिकारशाहीसारखे झाले आहे. ते मिळवणे अन्याय्य असेल, पण सोडणे धोक्याचे आहे. क्रेऑनने याहून वेगळे काय म्हटले असते?

अँटिगनीने वापरलेला 'स्त्रातेगोस' हा शब्द तर प्रेक्षकांच्या रोजच्या कानावरचा होता, कारण अथेन्स दर वर्षी असे दहा सेनापती निवडत असे. सोफोक्लीस स्वतः इ. स. पू. ४४१-४४० मध्ये पेरिक्लीसबरोबर सेनापती होता आणि सामोस बेटाविरुद्धच्या मोहिमेत होता. 'अँटिगनी'च्या यशामुळे त्याची निवड झाली, अशी आख्यायिका प्राचीन काळापासून आहे. अशा निवडलेल्या माणसाला पद सोडताना हिशेब द्यावा लागे. पैशाचा आणि वर्तनाचाही. या तपासणीला 'एउथुना' म्हणत, आणि ती झाल्याशिवाय सुटका नसे.

ते मनात ठेवून नाटककार एस्किलसचे 'पर्शियन' वाचावे. इ. स. पू. ४७२ चे हे नाटक, ग्रीकांनी पर्शियाचे आरमार हरवले त्या सालामिसच्या लढाईला जेमतेम आठ वर्षे झालेली. राजमाता आपल्या मुलाविषयी, म्हणजे पर्शियाचा राजा झर्क्सीस याच्याविषयी, म्हणते की तो जिंकला तर लोक वाहवा करतील, पण हरला तरी तो नगराला हिशेब देण्यास बांधलेला नाही. जिवंत परतला की पूर्वीसारखाच राज्य करील. अथेन्सच्या प्रेक्षकाला अंगावर काटा यावा असे ते वाक्य आहे. पर्शियाची सत्ता हरली म्हणून त्या नाटकात कोणाचे राज्य जात नाही. मात्र शहाणपणाचे दोन शब्द ऐकायचे झाले तेव्हा दरबाराला झर्क्सीसच्या मेलेल्या बापाला, दारियसला, थडग्यातून बोलवावे लागते.

याच्या अगदी उलट टोकाला एस्किलसचेच 'याचक स्त्रिया' आहे, इ. स. पू. ४६० च्या दशकातले. इजिप्तहून पळून आलेल्या दानाओसच्या मुली आर्गोसच्या राजाकडे, पेलॅस्गसकडे, आश्रय मागतात आणि म्हणतात की तूच नगर, तूच लोक, तुला कोणाला विचारायचे आहे? तो म्हणतो, माझ्याकडे सत्ता असली तरी लोकांवाचून मी हे करणार नाही. त्या देवांच्या मूर्तींना कमरपट्ट्यांनी गळफास लावून घेण्याची धमकी देतात, तेव्हाही तो सभेकडेच जातो. नंतर त्या मुलींचा बाप येऊन सांगतो की मत देण्यासाठी उंचावलेल्या उजव्या हातांच्या गर्दीने आकाश शहारले. तेथे 'लोकांचा सत्ताधारी हात' अशी शब्दयोजना आहे, 'देमोस' आणि 'क्राटोस' एकाच वाक्प्रयोगात. 'देमोक्रातिया' हा शब्द ज्यांतून घडला, ते दोन शब्द येथे शेजारी बसलेले दिसतात.

निवांत

हिशेबाचा मुद्दा मला नवीन होता. म्हणजे पहिल्या भाषणात क्रेऑन म्हणतो की कारभार हाती आल्यावाचून माणूस कळत नाही, ते ऐकताना प्रेक्षकांच्या मनात पदाची तपासणी येत असणार. त्याची 'एउथुना' नगराने केली नाही. टायरेसियसने सांगितलेल्या अपशकुनांनी केली: पक्ष्यांनी, वेदीवरच्या न पेटणाऱ्या आहुतींनी. एका दिवसात.

अडकित्ता

'पैथेस्थाई'वर मी निरुत्तर झालो आहे, तेव्हा हरकत अर्धी मागे घेतो. उरलेली अर्धी अशी की या नाटकांत देवांकडेही दोन्ही गोष्टी आपोआप नसतात, आणि त्यामुळे 'देवांचा कायदा तो अधिकार, माणसाचा हुकूम ती सत्ता' अशी सोपी वाटणी करता येत नाही.

एस्किलसच्या नावावर असलेल्या 'बद्ध प्रॉमिथियस'मध्ये पडदा उघडण्याची सोय असती तर पहिली दोन पात्रे दिसली असती ती क्राटोस आणि बिआ, म्हणजे सत्ता आणि जबरदस्ती. क्राटोस बोलतो, बिआ संपूर्ण प्रवेशात तोंड उघडत नाही, आणि तिला तशी गरजही नाही. लोहारदेव हेफेस्टसला आपल्याच नात्यातल्या देवाला, प्रॉमिथियसला, झ्यूसच्या हुकमाने खडकाला जखडायचे आहे, त्याचे हात उचलत नाहीत, आणि क्राटोस त्याला घाई करतो. झ्यूसवाचून स्वतंत्र कोणीच नाही, असे तो म्हणतो. नव्याने सत्तेवर आलेला प्रत्येक जण कठोर असतो, असे हेफेस्टस म्हणतो. येथे झ्यूस हा कालपरवा गादी बळकावलेला राजा आहे, आणि कोणत्या लग्नातून आपल्याला पदच्युत करणारा मुलगा होईल, हे त्याला माहीत नाही. ते साखळदंडातल्या कैद्याला माहीत आहे.

आणि आता एस्किलसच्याच 'यूमेनिडीस'मधली अथेन्सची देवता अथीना पाहा. इ. स. पू. ४५८. आईच्या खुनाच्या खटल्यातून ओरेस्टीस मते सम पडल्याने सुटला आहे आणि सूडदेवता नगरावर विष ओकायला निघाल्या आहेत. अथीना त्यांची समजूत काढते, घर देऊ करते, मान देऊ करते. मध्येच, जाता जाता, म्हणते की ज्या कोठीत झ्यूसचे वज्र मोहोरबंद ठेवले आहे तिची किल्ली देवांमध्ये फक्त मला ठाऊक आहे, पण त्याची काही गरज नाही. आणि पुन्हा समजुतीच्या सुरात बोलू लागते. शिलालेख यांच्या मांडणीत हे वाक्य कोठे बसवायचे? किल्लीचा उल्लेख केलाच नसता तर त्या ऐकल्या असत्या का? तीन-चार वर्षांपूर्वीच अथेन्सने अरिओपागस या जुन्या मंडळाची बहुतेक सत्ता काढून घेतली होती आणि ते घडवून आणणाऱ्या एफिआल्टीसचा खून झाला होता. प्रेक्षागृहातल्या लोकांना किल्ली म्हणजे काय, ते चांगले समजत असणार.

शिलालेख

अडकित्ता, अथीनेची किल्ली माझ्या मांडणीत बसत नाही, हे मान्य करतो. शुद्ध अधिकार, ज्याच्या मागे कोठेच वज्र नाही, असा त्या नाटकात नाही. मी एवढेच म्हणेन की किल्ली आहे हे सांगून ती न वापरणे आणि वापरण्याची भाषा करून पळ काढणे, यांतला फरक ग्रीकांना उत्तम कळत होता. सोफोक्लीसच्याच 'एजॅक्स'मध्ये मेनेलाउस एजॅक्स या वीराच्या प्रेताला मूठभर माती मिळू नये म्हणून येतो. मृताचा सावत्र भाऊ ट्यूसर त्याला सुनावतो की तू स्पार्टाचा राजा म्हणून आलास, आमचा धनी म्हणून नव्हे. शब्दाला शब्द वाढतो आणि शेवटी मेनेलाउस म्हणतो: ज्याच्यावर जबरदस्ती करणे शक्य आहे त्याला मी शब्दांनी शासन करतो, हे कोणाला कळले तर लाज वाटेल, तेव्हा मी जातो. आणि खरोखरच निघून जातो! पुढे प्रेताला माती मिळते ती ओडिसियसमुळे, म्हणजे मृताच्या हाडवैऱ्यामुळे, जो सरसेनापती ॲगामेम्नॉनचे मन वळवतो. सोफोक्लीसला विनोदाचे वावडे होते, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रवेश वाचावा.

वज्राशिवायचा अधिकार शोधायचा तर मी सोफोक्लीसच्या अखेरच्या नाटकाकडे जाईन. 'कोलोनसमधील ईडिपस' त्याच्या मृत्यूनंतर, इ. स. पू. ४०१ मध्ये, त्याच्याच नावाच्या नातवाने रंगभूमीवर आणले. कोलोनस हे कवीचे स्वतःचे गाव. 'राजा ईडिपस'च्या अखेरीस क्रेऑन ईडिपसला म्हणाला होता की सगळ्यांवर सत्ता चालवण्याची इच्छा धरू नकोस, जी चालवलीस तीही आयुष्यभर तुझ्या सोबतीला राहिली नाही. तोच ईडिपस आता चिंध्यांत आहे, आंधळा आहे, मुलगी हात धरून नेईल तेथे जातो, आणि पहिल्याच प्रवेशात गावकरी त्याला पवित्र राईतून उठ म्हणून दरडावतात. त्याच्याकडे काहीही नाही. तरीही थीब्जहून क्रेऑन त्याला न्यायला येतो, कारण त्याची कबर ज्या भूमीत असेल ती भूमी सुरक्षित राहील, अशी देववाणी आहे. गोड बोलून जमत नाही, तेव्हा क्रेऑनची माणसे दोन्ही मुलींना ओढून नेतात. अथेन्सचा राजा थेसियस याला त्या परत आणाव्या लागतात, आणि त्या वेळी तो क्रेऑनला बजावतो की ज्या नगरात कायद्यावाचून काही होत नाही, तेथे तू घुसून हवे ते उचललेस. येथेही थेसियसचे घोडेस्वार लागलेच, हे अडकित्ता यांच्या आधी मीच सांगतो. आणि दुर्वांकुर यांना हेही सांगतो की या म्हाताऱ्याच्या अंगी दया मुळीच नाही. पाया पडायला आलेल्या पॉलिनायसीसला तो जो शाप देतो, त्याचेच फळ म्हणजे 'अँटिगनी'तले ते उघडे प्रेत.

पण नंतर मेघगर्जना होते आणि ईडिपस थेसियसला बोलावून घेतो. ज्याला दोन पावले टाकायला मुलीचा हात लागत होता तो उठतो आणि म्हणतो, मला कोणी हात लावू नका, माझ्या मागून या, आता वाट मी दाखवतो. डोळस मुली आणि अथेन्सचा राजा त्या आंधळ्याच्या मागे चालू लागतात. पहारेकऱ्यांपैकी कोणाला काही सांगितलेले नसते. कबरीची जागा फक्त थेसियसने पाहायची, आणि मरताना फक्त वारसाला सांगायची. मुलींनाही ती दाखवायची नाही. अँटिगनी बापाची कबर पाहायला मिळावी म्हणून विनवते. थेसियस म्हणतो की त्यांनी मला मनाई केली आहे. ती म्हणते, त्यांची तशी इच्छा असेल तर ठीक आहे, आणि थीब्जला परत पाठवण्याची विनंती करते.